कोकणचे दरबारी चित्र कुठे शोधावे?

1674 सालच्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून निघाला आणि चौलला उतरला. तिथून होडीने कुंडलिकेच्या पात्रातून तो रोह्यासमोरच्या अष्टमीला आला आणि पुढे निजामपूरवरून पाचाडला पोचून रायगड चढला. धरमतरची खाडी आणि रोह्याची खाडी या मधल्या मुलखाने तोपर्यंत बरेच वकील, व्यापारी आणि सरदार पाहिले होते, पण ऑक्झिंडनची फेरी इतिहासात राहिली ती त्याने राज्याभिषेकाचे वर्णन लिहून ठेवले म्हणून. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना मुलामा दिलेल्या भाल्यांवर लावलेली राजचिन्हे त्याच्या नजरेत भरली होती. उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची दोन सोन्याची डोकी, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्याच्या टोकाला सोन्याचा तराजू. परक्या व्यापाऱ्याच्या वकिलाने शब्दांत टिपलेला हा प्रसंग त्या दिवशी गडावर हजर असलेल्या एखाद्या चिताऱ्याने रंगांत टिपला असेल, तर ते चित्र आपल्यापर्यंत आलेले नाही. राज्याभिषेकाची जी चित्रे आज घराघरांत दिसतात ती धुरंधरांसारख्या विसाव्या शतकातल्या चित्रकारांच्या अभ्यासातून आणि कल्पनेतून उतरलेली आहेत. ज्या जिल्ह्यात मराठ्यांची राजधानी होती, तिथे दरबारी चित्रकलेचा मागमूस का नसावा, हा प्रश्न मला फार दिवस टाळला गेलेला प्रश्न वाटतो.

भारतीय लघुचित्रांचा अभ्यास गावांच्या आणि राज्यांच्या नावांनी चालतो. उत्तरेत बसोहली, गुलेर, कांगडा. राजस्थानात मेवाड, बुंदी, किशनगड, बिकानेर. दख्खनेत अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा. ही नावे सोयीची आहेत आणि बऱ्याच अंशी खरीही आहेत, कारण राजा जिथे बसे तिथे त्याचा कारखाना असे आणि कारखान्यात चितारी असत. पण या नावांमुळे एक गैरसमज आपल्या मनात घर करून बसला आहे. शैली म्हणजे त्या मातीतून उगवलेली गोष्ट, आणि ज्या मातीच्या नावाने शैली नाही त्या मातीला चित्रकलाच नाही, असे आपण धरून चालतो. पेण, नागोठणे, रोहा, चौल हा पट्टा या नकाशावर कोरा दिसतो तो त्यामुळे. माझे म्हणणे असे आहे की हा कोरेपणा खरा नाही. चित्राला नाव मिळते राजधानीचे, पण त्याचा खर्च भागवणारा मुलूख, त्यात बसलेला माणूस आणि ते काढून घेणारा धनी हे पुष्कळदा दुसरीकडचे असतात. या पट्ट्यातला दरबार पुन्हा पुन्हा इथून उठून दुसरीकडे गेला. तो जिथे जिथे गेला तिथे कोकणचे दरबारी चित्र शोधले पाहिजे.

सुरुवात निजामशाहीपासून करावी लागते. सोळाव्या शतकात हा सगळा पट्टा अहमदनगरच्या सुलतानांच्या ताब्यात होता. चौल हे त्यांचे समुद्राकडे उघडणारे मोठे दार होते. शेजारी रेवदंड्याला पोर्तुगीज ठाण मांडून बसले होते आणि 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने त्या ठाण्याला वेढा घातला, इतके हे दार मोलाचे होते. घोडे, रेशीम, तांबे, मसाले या बंदरातून येत-जात आणि तिथल्या जकातीचा पैसा घाट चढून अहमदनगरला जाई. अंबा नदीवर नागोठण्याजवळ उभा असलेला जुना दगडी पूल याच अमलातला, सुमारे 1580चा. धरमतरच्या खाडीत येऊन मिळणाऱ्या नदीवर त्या काळात असा पक्का पूल बांधावासा वाटला, याचाच अर्थ बंदर आणि घाट यांच्यामधली वर्दळ मोठी होती. अहमदनगरच्या दरबारात जी चित्रकला बहरली तिच्यामागे ही वर्दळ होती. दख्खनी चित्रांतला सोन्याचा वर्ख, इराणी वळणाचे डोंगर, परदेशी कापडांचे नमुने हे सगळे समुद्रावरून आलेल्या वस्तूंच्या आणि माणसांच्या सहवासात घडले आहे. बंदर हाती नसलेल्या सुलतानाच्या पदरी ही सरमिसळ इतक्या लवकर झाली नसती.

त्या दरबारचा सर्वांत मोठा साक्षीदार पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाचे फारसी काव्याचे सचित्र हस्तलिखित जपून ठेवलेले आहे. आफताबी नावाच्या कवीने ते हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी रचले. 1565च्या जानेवारीत दख्खनच्या सुलतानांनी मिळून विजयनगरचा पराभव केला आणि त्याच वर्षी हुसेन वारला. पुढली काही वर्षे त्याची बेगम खुंझा हुमायून आपल्या अल्पवयीन मुलाच्या वतीने कारभार पाहत होती. ही चांदबीबीची आई. पोथी याच काळात, 1565 ते 1569च्या दरम्यान, तयार झाली आणि तिच्यातल्या चित्रांत ही राणी राजाच्या शेजारी मानाने बसलेली होती. 1569मध्ये मुलाने, म्हणजे मुर्तजाने, आईला कैदेत टाकले आणि त्यानंतर चित्रांतली तिची आकृती बहुतेक ठिकाणी पुसून किंवा रंगाने झाकून टाकण्यात आली. राजा तसाच बसलेला आहे आणि त्याच्या शेजारची जागा खरवडलेली आहे. दरबारी चित्र ही राजकारणातली वस्तू होती, भिंतीवरची शोभा नव्हे, हे सांगायला याहून स्पष्ट पुरावा भारतीय चित्रकलेत क्वचितच सापडेल. शैलीच्या दृष्टीनेही ही पाने मोलाची आहेत. आभाळ आणि डोंगर इराणी घडणीचे, पण बायकांचे कपडे, लांब वेण्या आणि उभे राहण्याची ढब अस्सल हिंदी. एका चित्रात तरुणीच्या स्पर्शाने झाड फुलते, हा तर संस्कृत काव्यातला दोहदाचा संकेत. फारसी पोथीत तो सहज येऊन बसला आहे. चौल आणि नागोठणे ज्या राज्यात होते त्या राज्याची ही चित्रकला आहे. या मुलखाला स्वतःची म्हणता येईल अशी पहिली दरबारी शैली हीच, आणि तिला केवळ ‘मुसलमानी’ म्हणून बाजूला ठेवणे हे इतिहासाला धरून नाही. शहाजीराजांचे घराणे याच निजामशाहीत वाढले, मलिक अंबरच्या हाताखाली लढले. मलिक अंबरची जी प्रसिद्ध चित्रे आहेत ती काढणारा हाशिम हा चित्रकार दख्खनेत घडून मुघलांकडे गेला. माणसे आणि चितारी दोघेही एकाच रस्त्याने फिरत होते.

1636 साली निजामशाही बुडाली, कोकणाचा हा भाग आदिलशाहीकडे गेला आणि 1657च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेऊन उत्तर कोकणात पाय रोवले. त्यानंतरच्या तेवीस वर्षांत महाराजांचे राज्य या पट्ट्यातच उभे राहिले, राजधानीही इथेच झाली. पण महाराजांची जी समकालीन किंवा जवळपास समकालीन चित्रे आज आपल्याला ठाऊक आहेत, ती बहुतेक गोवळकोंड्याची आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले चित्र 1687पूर्वीच्या, गोवळकोंड्यात तयार झालेल्या व्यक्तिचित्रांच्या एका संग्रहातले आहे. अॅमस्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलास विट्सेन याच्याकडे 49 व्यक्तिचित्रांचा असाच एक संग्रह होता, तो आता तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यातही महाराज आहेत. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात निकोलाओ मनूचीचा संग्रह आहे. त्यातले घोड्यावर बसलेल्या महाराजांचे चित्र मीर मुहंमदाच्या हातचे. हा शाहजादा शाह आलमच्या पदरचा चितारी होता आणि त्याने ही चित्रे 1686पूर्वी काढली. मनूचीने महाराजांना 1665 साली मिर्झाराजे जयसिंहाच्या छावणीत प्रत्यक्ष पाहिले होते. या चित्रांतला चेहरा ओळखीचा आहे. बाजूने दिसणारा, गरुडाच्या चोचीसारखे नाक, टोकदार दाढी, पागोट्यावर तुरा, अंगात लांब जामा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वा. सी. बेंद्रे यांनी डच लेखक व्हॅलेंटाइन याच्या संदर्भातून महाराजांचे चित्र शोधून लोकांसमोर ठेवले. तोपर्यंत इब्राहिम खान नावाच्या एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. बेंद्र्यांच्या या कामाचे मोल मोठे आहे. पण त्यानंतरही आपण त्या चित्राकडे केवळ ‘खरा चेहरा’ म्हणून पाहिले. ते कोणत्या शैलीतले, कोणत्या गावचे, कोणासाठी काढलेले, हे प्रश्न मागे पडले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. गोवळकोंड्याची ही चित्रे डच आणि इतर युरोपियन गिऱ्हाइकांसाठी संचासंचाने काढली जात. त्यांत मुघल बादशहा, कुतुबशाही सुलतान, मोठे वजीर असे सगळे एका ठशात बसवलेले असत. बाजारासाठी काढलेल्या या संचातल्या एका पानावर महाराज आले, म्हणून ते मराठ्यांचे दरबारी चित्र कसे ठरते? ते तसे ठरत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण ते कोकणच्या राजाचे दख्खनी दरबारी चित्र मात्र निःसंशय आहे. 1677 साली कर्नाटकाच्या मोहिमेवर जाताना महाराज हैदराबादला गेले, अबुल हसन कुतुबशहाने त्यांचे मोठे स्वागत केले, आणि त्या मुक्कामात तिथल्या चिताऱ्यांना त्यांना पाहण्याची संधी मिळाली असणार. वेगवेगळ्या संग्रहांतल्या चित्रांत चेहऱ्याची ठेवण सारखी येते, त्यावरून या सर्वांच्या मुळाशी एखादे पाहून काढलेले चित्र असावे, असा तर्क मी धाडसाचा मानत नाही. शिवाय ऑक्झिंडनने लिहिलेली चिन्हे पुन्हा आठवावीत. माशाची डोकी आणि घोड्याच्या शेपट्या ही मुघल आणि दख्खनी दरबारांत चालणारी सत्तेची भाषा होती. रायगडच्या दरबाराने ती भाषा जाणून घेऊन स्वतःच्या सार्वभौमत्वासाठी वापरली. राजाला गोवळकोंड्याच्या जाम्यात आणि पागोट्यात पाहणे म्हणूनच विसंगत वाटत नाही. महाराजांचा दरबार आणि गोवळकोंड्याचा चितारी एकाच दृश्यसंस्कृतीत राहत होते.

मग रायगडावर स्वतःचा चित्रकारखाना का उभा राहिला नाही? साधे उत्तर असे की वेळ मिळाला नाही. राज्याभिषेकापासून महाराजांच्या निधनापर्यंत जेमतेम सहा वर्षे, त्यांतला बराच काळ दक्षिणेच्या मोहिमेत गेला. संभाजीराजांची नऊ वर्षे औरंगजेबाशी झुंजण्यात गेली आणि 1689च्या अखेरीस गड मुघलांच्या हाती पडला. तो परत मराठ्यांकडे यायला 1733 साल उजाडले, तोवर राजधानी सातारा झाली होती. काही चित्रे असतीलही, तर 1818च्या मे महिन्यात इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या तेव्हा लागलेल्या आगीत वाडे जळाले, त्यात ती राहणे कठीण होते. एवढे कारण रायगडापुरते पुरते. पण खाली, पेण-रोहा-अलिबागच्या मुलखात पुढे दीडशे वर्षे राजवटी होत्याच. तिथे भित्तिचित्रे का नाहीत, सचित्र पोथ्या का नाहीत?

याचे ठरावीक उत्तर पावसाचे दिले जाते. इथे दर साल तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, खारी हवा चुना खाते, जांभ्या दगडाच्या भिंतींना ओल येते, म्हणून रंग टिकणार नाही. हे उत्तर मला पटत नाही. याच किनाऱ्यावर दक्षिणेला, जिथे पाऊस कोकणाइतकाच पडतो, त्या केरळात मट्टनचेरीच्या राजवाड्यात रामायणाची भित्तिचित्रे आहेत, मंदिरांत तर ठिकठिकाणी आहेत. तिथल्या चिताऱ्यांनी चुन्याचा गिलावा आणि कडुनिंबाचा डिंक यांच्या आधारे ओल्या हवेत टिकणारी पद्धत बसवली. पाऊस चित्र बुडवतो असे नाही, फक्त चिताऱ्याला अधिक शहाणे व्हायला लावतो. त्याहून जवळचे उदाहरण सावंतवाडीचे. तेही कोकण आहे. तिथे सावंत-भोसल्यांचे संस्थान एका जागी टिकून राहिले आणि त्यांच्या छायेत गंजिफाचे लाखेचे पत्ते रंगले, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातल्या चित्रकथींनी रामायण-महाभारतातल्या कथांची कागदी चित्रे काढली आणि ती दाखवत कथा गायल्या. दरबार एका जागी टिकला की पावसातही चित्र होते. आणि मराठ्यांना चित्राची गोडीच नव्हती असे म्हणायचे असेल, तर तंजावरकडे पाहावे. 1676च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तिथे राज्य मांडले, ते 1855पर्यंत चालले, आणि सरफोजीराजांच्या काळापर्यंत त्या दरबाराने सोन्याचा वर्ख, उठावाचे काम आणि खडे जडवलेली फणसाच्या फळीवरची चित्रे देशाला दिली. ते काढणारे राजू समाजाचे चितारी तेलुगू होते. राजे भोसलेच होते.

उत्तर कोकणात नेमके हे टिकणेच झाले नाही. अठराव्या शतकात धरमतर ते रोहा हा प्रदेश कोणा एकाचा नव्हता. जंजिऱ्याला सिद्दी, कुलाब्याला आंग्रे, रेवदंड्याला 1740पर्यंत पोर्तुगीज, मुंबईत इंग्रज आणि वर पुण्यात पेशवे. कान्होजी आंग्र्यांचा दरबार हा खरा दरबार होता, पण त्याचा पैसा गलबतांत, गुराबांत आणि किल्ल्यांत जात होता. 1729 साली कान्होजी वारल्यावर मुलांमध्ये जी भांडणे लागली त्यांत तो दरबार दुभंगला आणि शेवटी 1840 साली इंग्रजांनी कुलाबा संस्थान खालसा केले. चिताऱ्याला वर्षानुवर्षे पोसणारा, एक भिंत संपली की दुसरी देणारा धनी इथे नव्हता. इथली माणसे आणि इथला पैसा मात्र घाट चढत होता. पेशव्यांचे भट घराणे श्रीवर्धनचे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलेच. नाना फडणविसांचे भानू घराणे वेळासचे. पेणचे मीठ अंतोऱ्याच्या बंदरातून आणि वाटेवरच्या बैलांच्या पाठीवरून देशावर पोचत होते. कोकणातल्या घराण्यांनी राज्य केले ते घाटावरून, आणि चित्रेही काढून घेतली ती घाटावरच्या भिंतींवर.

कृष्णेच्या काठी वाईजवळचा मेणवलीचा नानांचा वाडा याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. घाट, मेणेश्वराचे देऊळ, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतून आलेली म्हणून ओळखली जाणारी घंटा आणि चौकाचौकांचा वाडा, असा हा परिसर आहे. वाड्याच्या भिंतींवर दशावतार, कृष्णलीला, गणपती अशी चित्रे आजही पाहता येतात. वाळलेल्या गिलाव्यावर डिंकात खलवलेले रंग लावण्याची ही पद्धत आहे. युरोपात ओल्या चुन्यात रंग मुरवतात ती पद्धत इथली नाही. रंग थोडे आणि सपाट. गेरू, पिवळी माती, हिरवा, काळा. रेघ ठाम आणि जाड, माणसे ठेंगणी, डोळे मोठे, पुरुषांच्या डोक्यावर पेशवाई पागोटी, बायकांना नऊवारी. पुण्यातला शनिवारवाडा तर या कलेचे मोठे केंद्र असणार. जयपूरच्या भोजराज चिताऱ्याचे नाव त्याच्या रंगकामाशी जोडलेले आहे. तो वाडा 1828च्या फेब्रुवारीत जळाला. लाकडाच्या वाड्याच्या भिंतीवरची चित्रे कागदासारखी गुंडाळून दुसरीकडे नेता येत नाहीत. बिकानेरच्या अनूपसिंहाने दख्खनच्या मोहिमांतून दख्खनी चित्रे आपल्या संग्रहात नेली, म्हणून ती वाचली. मराठ्यांच्या चित्रांना ही सोय नव्हती. आपल्याला उरलेली चित्रे थोडी आहेत याचे कारण ती भिंतीवर होती हे आहे. थोडी उरली यावरून थोडी काढली गेली, असा निष्कर्ष काढता येत नाही.

इथेही एक जुना आक्षेप उभा राहतो, की भोजराज जयपूरचा, तेव्हा ही चित्रकला राजस्थानी, मराठ्यांची नव्हेच. हा न्याय सगळीकडे सारखा लावून पाहावा. अकबराचा चित्रकारखाना मीर सय्यद अली आणि अब्दुस समद या दोन इराण्यांनी उभा केला. तरी त्या कलेला आपण इराणी म्हणत नाही, मुघल म्हणतो, कारण त्यांच्या हाताखाली गुजरात, काश्मीर, ग्वाल्हेरचे चितारी घडले आणि दहा-वीस वर्षांत निराळी कला तयार झाली. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरीही फर्रुख बेगसारखा बाहेरून आलेला चितारी होता. मग पुण्याच्या बाबतीतच चिताऱ्याचे मूळ गाव का निर्णायक मानायचे? पुण्यात स्थानिक हातही घडले, याचा पुरावा गंगाराम तांबटात आहे. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने त्याला हाताशी धरले. गंगारामने नोव्हेंबर 1790मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे चित्र काढले, वेरूळच्या लेण्यांचीही रेखाटने केली. त्याची बरीचशी रेखाटने आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तांबट आडनावाचा माणूस परंपरेने चितारी नव्हता हे उघड आहे. कारागिराच्या हाताला चित्राकडे वळवण्याइतकी त्या शहरात मागणी होती. मुंबईहून आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने 1792च्या सुमारास सवाई माधवराव आणि नाना फडणविसांचे मोठे तैलचित्र काढले, ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. वेल्स 1795मध्ये साष्टीत वारला आणि त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनिएलने 1805 साली पुण्याच्या दरबारात मॅलेट तह करतो आहे असे भव्य चित्र केले. पेशवाई दरबार म्हणून जगाला माहीत असलेले दृश्य ते हेच. त्यातले पेशवे कोकणातल्या श्रीवर्धनच्या वंशातले, फडणवीस वेळासच्या वंशातले, हे त्या चित्राच्या परदेशी पाट्यांवर येत नाही.

दुसरा आक्षेप दर्जाचा आहे आणि तो अधिक कठीण आहे. मेणवलीची माणसे किशनगडच्या राधेसमोर किंवा इब्राहिम आदिलशहाच्या चित्रांसमोर ठेवली तर ती ढोबळ वाटतात, हे खरे आहे, आणि खोट्या अभिमानापोटी ते नाकारू नये. पण हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन पाहायच्या वीतभर कागदाला जो बारीकपणा लागतो, तो चौकात उभे राहून, तेही अंधुक प्रकाशात, पाहायच्या भिंतीला लागत नाही. तिथे रेघ दुरून वाचता आली पाहिजे. या कसोटीवर मेणवलीची रेघ उणी ठरत नाही. शिवाय ही चित्रे राजाच्या मौजेसाठी नव्हती, घरात येणाऱ्या-जाणाऱ्या कारकून, भिक्षुक, पाहुणे, बायका यांनी पाहावीत म्हणून होती. दरबाराची चित्रकला घरात आणि देवळात आणणे हा मराठ्यांचा निवडलेला मार्ग होता, आणि त्याचे मूल्यमापन त्याच्याच हेतूने व्हावे.

शेवटचा आक्षेप माझ्याच म्हणण्यावर आहे. अहमदनगरचे हस्तलिखित, गोवळकोंड्याचे चित्र, मेणवलीची भिंत हे सगळे कोकणाच्या खात्यात घातले, तर उद्या कोणताही जिल्हा कोणत्याही चित्रावर हक्क सांगेल. म्हणून अट कडक ठेवली पाहिजे. चित्राचा धनी, चित्रातला माणूस किंवा चित्राला लागलेला पैसा, यांपैकी निदान एक गोष्ट कागदोपत्री त्या मुलखाची असावी. निजामशाहीची चौलची जकात, रायगडचा राजा, श्रीवर्धन आणि वेळासची घराणी या अटीत बसतात. विजापूरची दुसऱ्या इब्राहिमच्या काळातली चित्रे बसत नाहीत, कारण तेव्हा हा पट्टा आदिलशाहीत नव्हता. तंजावरची चित्रेही बसत नाहीत, जरी तिथले राजे आपले असले तरी. या अटीनंतरही कोकणाच्या वाट्याला जे उरते ते कमी नाही, आणि जे उरते ते सगळे कोकणाबाहेर आहे: पुण्यात, वाईजवळ, लंडनला, अॅमस्टरडॅमला, पॅरिसला.

यातून एक काम लगेच करता येण्यासारखे आहे आणि त्याला पैसा लागत नाही. शिवाजी महाराजांचे जुने चित्र पाठ्यपुस्तकात, शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात लावताना किंवा छापताना त्याखाली ते कुठले हे लिहावे. गोवळकोंडा शैली, सतराव्या शतकाची अखेर, आणि ज्या संग्रहात मूळ चित्र आहे त्याचे नाव. पेण-रोह्याच्या शाळांतल्या मुलांना आपल्या राजाचा चेहरा कोणत्या दरबाराच्या हातातून आपल्यापर्यंत आला, हे त्या दोन ओळींतून कळेल.